पेंढारी, ठग आणि माझी पोत

परवा रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. भाजी घेऊन परत येताना, अगदी सोसायटीच्या फाटकाशी, मोटारसायकलवरून दोघे आले आणि गळ्यातलं ओढून पसार झाले. मानेवर वळ उठलाय, बाकी सुखरूप आहे. मी म्हटलं, "सोनं गेलं ते जाऊ दे, तू पडली नाहीस ना?" तर म्हणाली, "मावशी, तुझी पोत गेली होती तेव्हा तू काय केलं होतंस गं? आणि ह्या पोलिसांना काही कळतं का?"

फोनवर जे सुचलं ते सांगितलं. पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून हे लिहायला बसले. पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे साधी चोरीची गोष्ट सांगायची तरी मी पेंढाऱ्यांपासून सुरुवात करणार हे घरच्यांना ठाऊक आहे. (आमचे हे म्हणतात, "हिला चहा कुठाय विचारलं तर ही ईस्ट इंडिया कंपनीपासून सांगेल.") ज्यांना घाई असेल त्यांनी थेट शेवटाकडे जावं. रागावणार नाही.

माझं आजोळ आर्वी तालुक्यात. गावाच्या मधोमध एक गढी होती. होती म्हणजे मी लहान असताना अर्धी उभी होती, पांढऱ्या मातीच्या भिंती, हात-दीड हात नव्हे तर चांगल्या माणूसभर जाडीच्या. आम्ही पोरं तिच्यावरून घसरत असू आणि आजी ओरडे, "उतरा खाली, नाहीतर पेंढारी येतील!" पेंढारी म्हणजे कोणीतरी बागुलबुवा असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा कळलं की बागुलबुवा खरा होता, आणि त्याच्यासाठीच ती गढी बांधली होती. आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगाव अशा गढ्या होत्या. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही त्यांचा संबंध पेंढाऱ्यांच्या धाडींशी जोडलेला आहे.

पेंढारी नर्मदेच्या खोऱ्यातून येत. कधी येत? दसरा झाला की. पाऊस संपला, नद्यांना उतार मिळाला, शेतात पीक उभं राहिलं, घोड्याला चारा झाला की निघाले. तंबू नाही, सामान नाही, तोफा नाहीत. दिवसाला चाळीस-पन्नास मैल घोडदौड. ज्यांच्या पाठीवर जायचं ती फौज तंबू उपटेपर्यंत हे तिसऱ्या गावाला. १८११ साली तर त्यांनी खुद्द नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन वस्ती जाळली. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राजधानी ती! राजाच्या डोळ्यांदेखत हे होत असेल तर आर्वी-हिंगणघाटच्या कुणब्याने कोणाकडे पाहायचं? त्याने मातीची भिंत बांधली.

पण हे पेंढारी आले कुठून, हे वर्गात शिकवताना आम्ही जरा पटकन पुढे जायचो. ते मराठी फौजांच्या मागेपुढेच होते. त्यांना पगार नव्हता. लूट हाच पगार. फौजा मोडल्या, मोहिमा थांबल्या, पण घोडा आणि भाला हातात राहिला आणि पोट तर होतंच. १८१७-१८ साली लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाहून अधिक सैन्य चारी बाजूंनी आणून त्यांना कोंडलं. चीतू जंगलात पळाला, त्याला वाघाने खाल्लं. पण करीमखान शरण आला तर त्याला गोरखपूरकडे जमीन दिली. आणि त्यांचा पाठीराखा अमीरखान तर टोंकचा नवाब झाला! ज्यांना जमीन मिळाली ते शेतकरी झाले, ज्याला राज्य मिळालं तो राजा झाला. वाघ फक्त एकाच्या वाट्याला आला. मोहिमेचं श्रेय तोफांना देतात, मला जमिनीलाही थोडं द्यावंसं वाटतं.

असो. माझ्या विषयाला पेंढाऱ्यांपेक्षा ठग जवळचे. पेंढारी धूळ उडवत येत, ठग गोड बोलत येत.

विल्यम स्लीमन हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. १७८८ चा जन्म, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा. १८२२ ते १८२४ हा माणूस नरसिंगपूरला जिल्ह्याचा अधिकारी होता. नरसिंगपूर आपल्याला काही लांब नाही, नागपूरवरून शिवनीचा घाट चढला की पुढे नर्मदेचं खोरं. ह्याला आपल्या कारभाराचा अभिमान. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी मला कळल्याशिवाय राहत नाही असं तो समजत असे. आणि मग काही वर्षांनी, ठगांच्या तपासात, त्यालाच कळलं की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी तेव्हा राहत होती. आणि सागर-भोपाळच्या रस्त्यावर, एका मुक्कामावर, मुंडेसूरच्या आंबराईत प्रवाशांना मारून पुरण्याची मोठी जागा होती. त्याने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला वेडा ठरवलं असतं, अशा अर्थाचं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. हुशार, मेहनती, भाषा जाणणारा अधिकारी आणि कचेरीच्या मागच्या दाराशी काय चाललंय ते माहीत नाही. का? कारण तक्रारच नव्हती. मेलेला माणूस परगावचा. काशीला निघालेला यात्रेकरू, रजेवर घरी चाललेला शिपाई, सावकाराचे पैसे घेऊन जाणारा माणूस. त्याच्या घरचे समजत, वाटेत पटकीने गेला, नदीत वाहून गेला. ज्या गावात मेला तिथं तो कोणाचा कोणीच नव्हता. ठग ज्या गावात राहत तिथं ते चांगले शेजारी, शेतसारा वेळेवर भरणारे. जिथं राहत तिथं गुन्हा करत नसत, जिथं गुन्हा करत तिथं राहत नसत. एका संस्थानात घर, दुसऱ्यात खून, तिसऱ्यात माल विकायचा. प्रत्येकाच्या दफ्तरी कोरा कागद!

मग स्लीमनने काय केलं? तलवार कमी चालवली, कागद जास्त. पकडलेल्या ठगांतल्या काहींना माफीचे साक्षीदार केलं. कोणत्या मोहिमेत कोण होतं, रस्ता कोणता, मुक्काम कुठं, कोणत्या झाडाखाली किती पुरले, हे एकेकाला वेगवेगळं बसवून विचारलं आणि एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहिलं. सांगितलेल्या जागी खणलं. नकाशे केले, त्यावर रस्ते आणि त्या 'बेल' म्हणजे खुनाच्या जागा. ठगांची चोरबोली गोळा करून १८३६ साली कोशच छापला, 'रामासीआना'. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला हद्द नव्हती. ठगीच्या खात्याची माणसं संस्थानांच्या सीमा ओलांडून जाऊ शकत होती.

आपल्याकडे त्याआधी व्यवस्था नव्हती असं मात्र समजू नका. मराठी मुलखात जागल्या असे, रामोशी असे. चोरी झाली की सकाळी तो माग काढी. पावलं ओळखत पार गावच्या शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला की त्या गावच्या जागल्याला बोलावून दाखवी आणि जबाबदारी त्याच्या गळ्यात. माग ज्या गावात हरवला त्या गावाने माल शोधायचा, नाहीतर भरून द्यायचा. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. 'आमची हद्द नाही' म्हणायचं असेल तर माग शिवेबाहेर गेलेला दाखवावा लागे. नुसतं म्हणून चालत नसे.

आता ह्याच स्लीमनच्या गोष्टीत एक वळण आहे, आणि आजचा सगळा लेख मी त्या वळणासाठी लिहितेय.

१८३६ साली ठगांसाठी कायदा झाला, त्या वर्षीचा तिसावा. त्यात असं की एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता, मग तो कायद्याआधी असो की नंतर, एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. कोणाला, कुठं, कधी मारलं हे सिद्ध करायची गरज नाही. मला ती अडचण समजते. साक्षीदार मेलेला, प्रेत पुरलेलं, पुरावा आणायचा कुठून? पण प्रश्न बदलला. 'ह्याने काय केलं?' ह्याच्या जागी 'हा कोण आहे?' आला. (हल्लीच्या काही इतिहासकारांनी ठगी किती खरी आणि किती साहेबाच्या डोक्यातली, असाही प्रश्न विचारला आहे. माफीच्या साक्षीदाराला आपली मान वाचवायची असते, तो नावं सांगतच जाणार. ते खुनांचे सांगाडे सापडले ते तर खरेच. पण यादीतला प्रत्येक जण खुनी होता, असं आता कोणी छातीठोक म्हणणार नाही.)

पुढची पायरी १८७१ ची. गुन्हेगार जमातींचा कायदा. आता टोळीत असल्याचंही सिद्ध करायला नको, त्या जातीत जन्मलात एवढं पुरे. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग बंगालमध्ये, १९११ पासून सगळ्या ब्रिटिश मुलखात. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. पुढच्या दुरुस्त्यांत तर पोरांना आईबापापासून वेगळं ठेवायची सोय. सोलापूरची सेटलमेंट आणि तिचं तीन तारांचं कुंपण हे अनेकांनी वाचलं असेल. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत ते हातोहात फिरलं होतं.

ह्यात आपल्या भागाचाही हिशेब आहे. रेल्वे यायच्या आधी वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई, बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला, मुख्य ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला, मग १८६६ साली पालकवाडीच्या जागी नवं वर्धा शहर आखलं. १८६७ ला आगगाडी नागपूरला पोचली. रस्ता सुरक्षित झाला, खरंच झाला. आता काशीला जायला कोणाला आंबराईत मुक्काम करावा लागेना. पण बैल घेऊन फिरणाऱ्यांचं काम गेलं, जंगलाचे कायदे झाले तसं पारध्याचं फासं टाकणं गेलं. आणि मग त्याच फिरणाऱ्या माणसांवर सरकारचा डोळा, की हे फिरतात का?

हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मी साधारण त्याच सुमाराला जन्मले. म्हणजे माझ्या आयुष्यात ह्या देशात कोणी जन्माने गुन्हेगार नव्हतं. कागदावर.

आता जे लिहितेय ते मी आजवर फक्त ह्यांना सांगितलंय.

साल १९८१ असावं. मी पाचवीच्या वर्गावर होते, गाव-शाळेचं नाव लिहीत नाही. गावाबाहेर पारध्यांचा बेडा होता. तिथली एकच मुलगी शाळेत यायची. केस तांबूस, डोळे मोठे, गणितात बरी. एकदा सहलीचे जमवलेले वीस रुपये वर्गातून नाहीसे झाले. मी काय केलं असेल? मी कोणालाही काही न विचारता सरळ तिची पिशवी टेबलावर उपडी केली. सगळ्या वर्गासमोर. त्यातून एक पाटी, कागदात गुंडाळलेली अर्धी भाकर आणि एक काचेची गोटी निघाली. गोटी टेबलावरून घरंगळत गेली, पोरं हसली. दोन दिवसांनी ते पैसे वर्गातल्या मोठ्या नकाशाच्या पुस्तकात सापडले, वर्गप्रमुखाने नीट राहावेत म्हणून ठेवले होते आणि विसरला होता.

ती मुलगी परत शाळेत आली नाही. बेडा माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, आणि मग एक दिवस बेडाच उठून गेला.

मी स्वतःला फार पुरोगामी समजत असे. त्याच वर्षी सातवीला स्लीमन शिकवला होता.

आता पोतीची गोष्ट. २०१४, तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी वर्ध्यात आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्याने फिरायला निघाले होते. मागून मोटारसायकल आली, हळू झाली. "आजी, दवाखाना कोणीकडं आला?" मी हात वर करून दाखवते तोच गळ्याला हिसका. काळी पोत, दोन वाट्या, वरची साखळी. काही मणी रस्त्यावर सांडले, ते मी वेचत बसले होते म्हणे. मला आठवत नाही.

ज्या ठाण्यात आधी गेलो तिथं सांगितलं, रस्त्याची ती बाजू आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, रस्ता त्यांचा, नाली आमची. तुम्ही नेमक्या कुठं उभ्या होता? (जागल्या आठवला!) शेवटी रात्री साडेनऊला कागद झाला. तोही चोरीचा. जबरी चोरीचा का नाही, तर म्हणे मारहाण नाही. मानेवरचा वळ मी पदराने झाकला होता की काय कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. बाकावर तीन-चार पोरं बसवलेली. रीतसर ओळख परेड वगैरे नव्हे, ती वेगळी असते, नंतर कळलं. नुसतंच, "बघून घ्या बाई, ह्यातला कोणी वाटते का?" आणि डोळ्याने एका पोराकडे खूण. वीसेक वर्षांचा. बेड्यावरचा होता, कोणी न सांगता कळलं. मान खाली. पायात चप्पल नाही. आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, एक क्षण माझ्या मनात आलं, 'असेल.' मी चेहरा पाहिलेला नव्हता. पुढच्याने हेल्मेट घातलं होतं, मागच्याने रुमाल बांधला होता. तरी आलं.

मग ती गोटी आठवली. घरंगळत गेलेली.

मी म्हटलं, "मी चेहरा पाहिला नाही. कोणाचाच नाही." साहेब वैतागले. बाई सहकार्य करत नाहीत, असं काहीसं पुटपुटले.

बाहेर आले तर एक हवालदार मागे आला. पाया पडला. माझा विद्यार्थी, आठवीत मागच्या बाकावर बसायचा, निबंधात दर वाक्याला 'आणि' लिहायचा. म्हणाला, "बाई, चेहरा राहू द्या जी. मले हे सांगा, तुम्ही रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालून राहिल्या होत्या? गाडी मांगून आली का सामनेऊन? अन् गेली कोणीकडं?"

अशा प्रश्नांची उत्तरं मला येत होती! डाव्या बाजूने, वाहनांकडे पाठ करून. गाडी मागून आली. पुढे वळून मोठ्या रस्त्याकडे गेली. दिवे लागायचे होते. कोपऱ्यावर बेशरमाची झुडपं वाढलेली, तिथून पुढचं दिसत नाही.

त्याने काय केलं ते त्याने मला दोन-तीन महिन्यांनी घरी येऊन, चहा पिताना सांगितलं. दोन्ही ठाण्यांत मिळून वर्षभरात तशा नऊ घटना झाल्या होत्या. पण इकडे पाच आणि तिकडे चार, त्यामुळे कोणालाच नऊ दिसत नव्हत्या. त्याने एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रस्ते काढले आणि लाल पेनाने टिंबं दिली. नऊपैकी सात दोनच रस्त्यांवर. दोन्ही रस्ते असे की तिथून हायवे दोन मिनिटांत. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, म्हणजे अंधार पडतो पण दिवे लागत नाहीत तो वेळ. बायका एकट्या, सगळ्यांची वाहनांकडे पाठ. आणि गस्तीची गाडी? ती रात्री अकरानंतर फिरायची, कारण चोर रात्री येतात असं ठरलेलं!

मग त्याच्या वरिष्ठांपैकी एकाने (वैतागले होते ते नव्हेत) मनावर घेतलं. नगरपालिकेला लिहून झुडपं काढली. दिवे अर्धा तास आधी लागू लागले. वळणावर गतिरोधक आला. साडेपाच ते आठ दोन शिपाई मोटारसायकलवर त्याच दोन रस्त्यांवर फिरू लागले. सराफांकडे एक चक्कर, कोण बिनपावतीचं सोनं मोडायला येतं ते विचारायला. त्या हिवाळ्यात तिथं पुन्हा घटना झाली नाही. कोणी पकडलं गेलं नाही हेही लिहिते, आणि माझी पोत मिळाली नाही. मी त्याला विचारलं, "अरे, मग ते दुसऱ्या रस्त्यावर गेले असतील." तर म्हणाला, "काही गेले असतील जी. पण बाई, जिथं सोपं असते तिथंच येते माणूस. सगळीकडंच सोपं नसते ना."

माझ्या मुलाने मागाहून सांगितलं की अमेरिकेत १९७९ साली कोहेन आणि फेल्सन नावाच्या दोघांनी नेमकं हेच मांडलं. लुटायच्या तयारीतला माणूस, लुटता येईल असं सावज आणि राखणदार नाही अशी जागा, तीन गोष्टी एका वेळी एकत्र आल्या की गुन्हा होतो. तिन्हीतली एक काढली तरी पुरे. त्याच वर्षी तिथल्याच हर्मन गोल्डस्टीन नावाच्या प्राध्यापकाने पोलिसांना सांगितलं की प्रत्येक तक्रार सुटी सुटी हाताळू नका, सारख्या तक्रारी एकत्र मांडा आणि मुळाशी जा. मुंडेसूरच्या आंबराईवर तंतोतंत बसतं. आमच्या हवालदाराने दोघांचंही काही वाचलेलं नाही. त्याने कॅलेंडर वापरलं.

भाचीसाठी (आणि तुमच्या घरातल्या लेकी-सुनांसाठी) थोडं कामाचं. 'आमची हद्द नाही' आता ऐकून घेऊ नका. नव्या फौजदारी कायद्यांत, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग ते हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. हिसकावून नेणं हा आता न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जबरी चोरी ठरली तर दहा वर्षं. आणि हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान झाली तर चौदा. हे चौदा वर्षांचं कलम १८६० च्या जुन्या दंडसंहितेतून आलंय. रात्रीचा हमरस्ता, बघा, ठगांच्या काळातला प्रवासी अजून कायद्यात चालतोच आहे. तातडीला ११२.

मोबाईल गेला तर लगेच नोंदवून बंद करून घ्या, २०२३ पासून देशभर ती सोय झाली आहे. बंद पडलेल्या फोनला चोरबाजारातही भाव उरत नाही. सोन्याला तशी युक्ती नाही. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांक असतो खरा, पण मुशीत गेलं की कसला क्रमांक! आणि २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेला. त्यामुळे ज्या सराफाच्या मुशीत ते जातं तिथं पोलिसांनी रोज डोकावावं, बेड्यावर नव्हे.

बेड्याचं एक राहिलं. वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले ह्यांनी २०१२ साली फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः त्याच समाजातले, जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जायचा होता तो नेमका त्या शाळेवरून, २०१९ मध्ये तिच्या काही इमारती पाडल्या. शाळा पुन्हा उभी राहिली. आमच्या गाडीने त्या महामार्गावरून जाताना मी दर वेळी डाव्या-उजव्या बाजूला बघते. दिसत काही नाही, वेग फार असतो.

हे सगळं लिहून झालं आणि आज सकाळी भाचीचा पुन्हा फोन. ठाण्यातून आली होती. "मावशी, त्यांनी मला मोबाईलवर आठ-दहा फोटो दाखवले. एक तर अगदी तसाच वाटतो गं. काळासावळा, केस वाढलेले. साहेब म्हणाले, नीट आठवून सांगा. काय करू?"

मी विचारलं, "तू चेहरा पाहिला होतास?"

"नाही गं. दोघांनीही हेल्मेट घातलं होतं."

"मग तेवढंच लिहून दे. आणि गाडी कोणत्या बाजूला वळली ते लिही."